सासवण्याचे शिल्पकार नानासाहेब करमरकर



आपल्या सोसायटीच्या गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रौप्यमहोत्सवाच्या खर्चाचा विषय निघाला, तेव्हा गेटच्या दोन्ही बाजूंना दोन घोडे बसवावेत अशी एक सूचना आली होती. सभासदांच्या ते लक्षात असेल. घोडे फायबरचे, वरून ब्राँझचा रंग दिलेले. कोटेशनही आलं होतं. मी उठून विरोध केला. ज्याचं आयुष्य बँकेत कर्जाचे अर्ज परत पाठवण्यात गेलं तो दुसरं काय करणार, असं म्हणून काही जण हसले. मीही हसलो. चहा निवत होता, त्यामुळे माझं म्हणणं मांडायचं राहून गेलं. आता स्मरणिका समितीने लेख मागितला आहे, तर ते इथे मांडतो. माझा आक्षेप पैशाला नव्हता. मला त्या वेळी एक माणूस आठवत होता, ज्याने खराखुरा ब्राँझचा घोडा आपल्या याच मुंबईत, माझगावला ओतला. त्यांचं नाव विनायक पांडुरंग करमरकर. लोक त्यांना नानासाहेब करमरकर म्हणत.

नानासाहेबांचा जन्म २ ऑक्टोबर १८९१ चा. गाव सासवणे, तेव्हाचा कुलाबा जिल्हा, आताचा रायगड. मांडव्याच्या धक्क्यावर उतरून अलिबागच्या दिशेने निघालं, की थोड्याच वेळात हे गाव लागतं. समुद्र, नारळी-पोफळीच्या वाड्या आणि कौलारू घरं. घरात गणपतीच्या मूर्ती करण्याची परंपरा होती. मातीत हात घालायला पोराला कोणी शिकवावं लागलं नाही. कोकणात अशा घरांत श्रावण लागला की पडवीभर माती, पाट आणि अर्धवट गणपती पसरलेले असतात. मोठी माणसं सोंड वळवतात, लहान मुलं उंदीर करतात. गणपती करताना काही गोष्टी ठरलेल्या असतात. उंदराला मात्र खरा उंदीर पाहावा लागतो. माझ्या मते प्राणी घडवणाऱ्या पुष्कळ कलावंतांची शाळा तिथेच सुरू होते.

विनायकाला चित्रांचाही नाद होता. गावातल्या देवळाच्या भिंतीवर त्याने घोड्यावर बसलेल्या शिवाजी महाराजांचं चित्र काढलं होतं. त्या काळी जिल्ह्याचे कलेक्टर होते ऑटो रॉथफील्ड. दौऱ्यावर असताना त्यांच्या नजरेला ते चित्र पडलं. चित्र कोणी काढलं याची त्यांनी चौकशी केली आणि त्या मुलाला मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जाता यावं म्हणून मदत केली. इंग्रज अंमलदाराने देवळाच्या भिंतीवरचं शिवाजी महाराजांचं चित्र पाहावं आणि ते काढणाऱ्याला पुढे आणावं, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते. ते साहेब दुसऱ्या वाटेने गेले असते तर काय झालं असतं, हा विचार मनात येतोच. मीही एका वाटेने अनेकदा नुसताच गेलो आहे. ते पुढे सांगतो.

जे. जे.मध्ये शिल्पकलेचं रीतसर शिक्षण झालं. मग रवींद्रनाथ टागोरांचे पुतणे सुरेंद्रनाथ टागोर यांच्याशी ओळख झाली. त्यांनी या तरुणाचं काम पाहिलं आणि त्याला कलकत्त्याला नेलं. तिथे करमरकरांनी स्वतःचा स्टुडिओ थाटला. कोकणातला मुलगा ऐन पंचविशीत बंगालमध्ये जाऊन व्यक्तिशिल्पं करू लागला आणि त्यावर पोटही भरू लागला. पण एवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही. १९२० साली ते लंडनला गेले. रॉयल अकादमीत शिकले आणि त्याबरोबरच धातूचं ओतकामही शिकून घेतलं.

हे ओतकाम शिकणं महत्त्वाचं. शिल्पकार मातीत पुतळा करतो आणि प्लास्टरचा नमुना ओतकामवाल्याच्या हवाली करतो, अशी सर्वसाधारण रीत आहे. पुढचं काम भट्टीवाल्याचं. करमरकरांनी ते पुढचंही समजून घेतलं. बँकेच्या भाषेत सांगायचं तर नुसती सही करून मोकळं न होता लेजरची पानं स्वतः तपासणारा हा माणूस होता.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण घोड्याच्या कोटेशनमध्ये फ्रेंच स्टाइल असे शब्द होते.

युरोपात प्राण्यांची ब्राँझ शिल्पं हा प्रांत एकोणिसाव्या शतकात फ्रेंच लोकांनी मोठा केला. त्यांचा अग्रणी आंत्वान लुई बारी. हा पॅरिसच्या सोनाराचा मुलगा, लहानपणीच धातूच्या कोरीवकामाला लागलेला. एका सोनाराकडे नोकरी करताना तो पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन बसायचा. जिवंत वाघ-सिंहांची चित्रं काढायचा आणि एखादं जनावर मेलं की त्याची मापं घ्यायला धावायचा. हाडं कुठे जोडली आहेत आणि कातडीखाली स्नायू कसा ताणला जातो, हे तो वहीत टिपून ठेवी. १८३१ साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्याने एक शिल्प मांडलं. वाघाने गंगेतली सुसर पकडली आहे, असा त्याचा विषय. पवई तलावातल्या मगरी लांबून का होईना पाहिलेल्या आपल्या मंडळींना ते शिल्प फार परकं वाटणार नाही. फरक एवढाच, की बारीने ना गंगा पाहिली होती ना जंगलातला वाघ. पिंजऱ्यातली जनावरं आणि मापांच्या वह्या यांवरच त्याने ते उभं केलं.

देव-देवता आणि राजे-महाराजे सोडून जनावरं काय करता, असं म्हणणारे टीकाकार तेव्हाही होते. या शिल्पकारांना त्यांनी प्राणीवाले अशा अर्थाचं नाव ठेवलं. पुढे तेच नाव मानाचं झालं. बारीची कामं प्रदर्शनात नाकारली गेली तेव्हा त्याने स्वतःची भट्टी घातली आणि टेबलावर मावतील अशी छोटी ब्राँझ विकायला सुरुवात केली. हिशेबात मात्र तो कच्चा निघाला. एखादी प्रत मनासारखी झाली नाही तर ती विकायची नाही, असा त्याचा बाणा. १८४८ साली त्याचं दिवाळं वाजलं आणि साचे-नमुने धनकोच्या ताब्यात गेले. माझ्या नोकरीत मी शेतकऱ्याचे बैल, कारखानदाराची यंत्रं, बायकांचे दागिने असं सगळं तारण ठेवून घेतलं आहे. एखाद्या माणसाचे वाघ-सिंह तारणात गेलेले मी फक्त बारीच्या गोष्टीत वाचले. पुढे त्याला चांगले दिवस आले. पॅरिसच्या निसर्गशास्त्र संग्रहालयात तो प्राण्यांचं चित्रण शिकवायला लागला. रोदँ हा थोर शिल्पकार काही काळ त्याच्याकडे शिकला. १८७५ साली बारी वारला.

आज त्या जुन्या फ्रेंच ब्राँझना लिलावात मोठी किंमत येते आणि त्यामुळेच बाजारात नकलाही उदंड. आमच्या मेहुण्यांनी एकदा चोर बाजारातून असंच एक जुनं फ्रेंच हरीण आणलं होतं. दिसायला सुरेख. पाय मुडपला म्हणून दुरुस्तीला नेलं, तर रंगाखाली राखाडी धातू निघाला. जस्त! खरं ब्राँझ खरवडलं तर आतून पिवळसर-तांबूस दिसतं. मेहुणे त्या हरणाला आजही फ्रेंचच म्हणतात. मीही खोडून काढत नाही.

तर, परत करमरकरांकडे.

ते विलायतेहून आले तेव्हा पुण्यात एक काम रेंगाळलं होतं. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांच्या मनात पुण्याला छत्रपती शिवाजी महाराजांचा भव्य अश्वारूढ पुतळा उभारायचं होतं. नोव्हेंबर १९२१ मध्ये भांबुर्ड्याला, म्हणजे आजच्या शिवाजीनगरला, प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते पायाभरणी झाली. पण सहा महिन्यांच्या आत, मे १९२२ मध्ये, शाहू महाराज गेले. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी या कामात लक्ष घातलं, तर १९२५ साली तेही गेले. शेवटी कोल्हापूरच्या राजाराम महाराजांनी वडिलांचं हे काम पुरं करायचं मनावर घेतलं आणि पुतळा घडवायची जबाबदारी करमरकरांवर आली.

त्या वेळचा काळ डोळ्यांपुढे आणा. मुंबईत तेव्हा मोठा ब्राँझचा घोडा म्हटला की काळा घोडा. तो प्रिन्स ऑफ वेल्सचा पुतळा, पुढे सातवा एडवर्ड झालेल्याचा. घडवणारे बोएम हे लंडनचे शिल्पकार, देणगी ससून यांची. १८७९ मध्ये तो इथे उभा राहिला आणि १९६५ मध्ये तिथून हलून राणीच्या बागेत गेला. एवढी मोठी ब्राँझ बहुतेक विलायतेतून तयार होऊन बोटीने यायची. करमरकरांनी ठरवलं, की महाराजांचा पुतळा इथेच ओतायचा, आणि तोही तुकड्यातुकड्यांनी न ओतता एकसंध. उंची साडेतेरा फूट, वजन सुमारे आठ टन. जागा माझगाव डॉक, कारण एवढा धातू वितळवण्याची सोय बोटी बांधणाऱ्यांकडेच होती.

यात धोका काय होता, हे मला समजलं तसं सांगतो. आधी मातीचा पुतळा, मग त्यावरून प्लास्टरचा, आणि त्यावरून भट्टीची उष्णता सोसणारा साचा. साचा आतून पोकळ, आणि त्या पोकळीत पुन्हा एक गाभा. गाभा आणि साचा यांच्यामध्ये बोटा-दोन बोटांची फट असते, आणि पुतळा म्हणजे ती फट. तांबं आणि कथील यांचा रस हजार अंशांच्या वर तापवून त्या फटीत ओतायचा. रस आत जाताना आतली हवा बाहेर पडायला वाटा ठेवाव्या लागतात. एखादी वाट चोंदली की तिथे पोकळी राहिली. साच्यात कुठे ओल राहिली तर वाफेने साचा फुटायचा आणि माणसं भाजायची. रस गार व्हायच्या आत घोड्याच्या कानाच्या टोकापर्यंत पोचला पाहिजे. मध्ये थांबून चालत नाही. तुकड्यांत ओतलं तर एक तुकडा बिघडला म्हणून तेवढाच पुन्हा करता येतो. एकसंध ओतकामात सगळं एकदाच. फसलं तर आठ टनांचा गोळा आणि महिनोन् महिन्यांची मेहनत मातीत.

आणि हाताशी वेळ नव्हता. अनावरणाची तारीख ठरलेली होती, १६ जून १९२८. गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यायचे होते. पुढची तारीख मागावी, तर दोन राजांच्या हयातीत न झालेलं काम आणखी किती लांबवायचं? तोंडावर मृगाचा पाऊस. अशा वेळी सोपी वाट घेण्याचा मोह कोणालाही झाला असता. मीही शाखाधिकारी म्हणून मार्चअखेरीला कितीतरी वेळा सोपी वाट घेतली आहे. करमरकरांनी ती घेतली नाही.

ओतकाम साधलं. रस शेवटपर्यंत पोचला. साचा फोडला तेव्हा आत महाराज घोड्यावर बसलेले होते, अखंड. मग तो रेल्वेने पुण्याला न्यायचा होता. वाटेत खंडाळ्याचा घाट, घाटात बोगदे, आणि सामान साडेतेरा फूट उंचीचं. तेही पार पडलं आणि ठरल्या दिवशी, १६ जूनला, अनावरण झालं. पुण्याच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात तो पुतळा आजही उभा आहे. पुण्याला जाणं झालं की मुद्दाम पाहा. समोरून पाहून झालं की बाजूला या आणि घोडा पाहा. आठ टनांचं ओझं घोड्याचे पाय पेलतात, पण ते पाय खांबासारखे वाटत नाहीत, घोड्याचेच वाटतात. बारीने मेलेल्या सिंहाची मापं घेतली ती याचसाठी. खूर, गुडघा, खांदा कसा चालतो हे माहीत असल्याशिवाय असा पाय येत नाही.

देवळाच्या भिंतीवर एका मुलाने जे रंगवलं, तेच छत्तिसाव्या वर्षी त्याने ब्राँझमध्ये उभं केलं. करमरकरांचं नाव महाराष्ट्रभर झालं ते त्या घोड्यामुळे.

नंतर त्यांनी पुष्कळ कामं केली. मोठ्या माणसांचे पुतळे केले, कारण मागणी त्यांनाच असते. शंख फुंकणाऱ्या माणसाचं शंखध्वनी हे त्यांचं शिल्प बॉम्बे आर्ट सोसायटीच्या सुवर्णपदकाचं मानकरी ठरलं. फुगलेले गाल आणि भरलेली छाती, पाहताना आपला श्वास अडकतो. भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. पण मला त्यांचं मोठेपण वेगळ्याच गोष्टीत वाटतं. एवढं नाव झाल्यावरही ते सासवण्याला परतले. तिथे समोर दिसेल ते घडवत राहिले. गावातल्या बाया, म्हातारी माणसं, कोळणी, पोरं, आणि घरची जनावरं. मागणी नव्हती, पैसे देणारं कोणी नव्हतं. ब्राँझ महाग म्हणून त्यांनी सिमेंट वापरलं. ज्या सिमेंटने आपण संडासाची गळती बंद करतो, त्याच सिमेंटमध्ये त्यांनी माणसाच्या कातडीचा मऊपणा आणला. १३ जून १९६७ रोजी त्यांचं निधन झालं. पुण्याच्या अनावरणाला एकोणचाळीस वर्षं व्हायला तीन दिवस कमी होते. सासवण्याच्या घरात त्यांच्या शिल्पांचं संग्रहालय आहे. कुटुंबीयांनी ते जपलं, म्हणून आज आपल्याला पाहता येतं.

आता माझ्या वाटेची गोष्ट. मी तीन वर्षं अलिबागच्या शाखेत होतो. शेती-कर्जाच्या पाहणीसाठी मोटारसायकलवरून सासवण्याच्या रस्त्याने किती वेळा गेलो याची गणती नाही. संग्रहालयाची पाटी दर वेळी दिसायची. आमची ही महानगरपालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवायची. ती मुंबईत, मी अलिबागला. सुट्टीत आली की विचारायची, करमरकरांचं घर पाहायला कधी जायचं? पुढच्या रविवारी जाऊ, हे माझं ठरलेलं उत्तर. बदली झाली, मुंबईला आलो, पुढे पवईला या सोसायटीत घर घेतलं. तो रविवार आलाच नाही. ती जाऊन आता नऊ वर्षं झाली.

ती गेल्यावर दुसऱ्या वर्षी नातीला घेऊन मी सासवण्याला गेलो. तिकिटाचे पैसे दिले आणि आत शिरलो. तिथे एक म्हैस बसलेली आहे, शिल्पातली. नात थेट तिच्याकडे गेली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मुंबईत वाढलेल्या त्या मुलीने जिवंत म्हशीला कधी हात लावला नव्हता. तिने मला विचारलं, ही रागावणार नाही ना? मी नाही म्हटलं. मला पुढे काही बोलता आलं नाही. ज्या बाईने हे सगळं माझ्यापेक्षा शंभरपटीने समजून पाहिलं असतं, ती शेजारी नव्हती, आणि त्याला माझ्याशिवाय दुसरं कोणी जबाबदार नव्हतं.

म्हणून मंडळी, मी त्या दोन फायबरच्या घोड्यांना विरोध केला. फायबरचा घोडा साच्यातून दिवसाला चार निघतात, आणि तो साचा करणाऱ्यानेही बहुधा घोडा चित्रातच पाहिलेला असतो. आपली मुलं रोज येता-जाता तो पाहतील आणि घोडा म्हणजे असा, असं समजतील. त्यापेक्षा त्यांना एकदा खरा पाहू दे.

माझी सूचना अशी. घोड्यांसाठी धरलेल्या रकमेतून थोडे पैसे काढून जानेवारीत सोसायटीची एक दिवसाची सहल सासवण्याला न्यावी. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट मांडव्याला जाते. हा धक्का माझगावलाच आहे, जिथे तो घोडा ओतला गेला त्याच परिसरात. म्हणजे करमरकरांनी जिथे आपलं सर्वांत मोठं काम केलं तिथून निघायचं आणि जिथे ते जन्मले तिथे पोचायचं. ज्येष्ठांना बोटीत बसायला त्रास नाही, बसही बोटीवर चढते. खर्चाचा अंदाज मी करून ठेवला आहे, सेक्रेटरीसाहेबांकडे देतो. ज्यांना यायचं त्यांनी नावं ऑफिसात द्यावीत.

आणि एक विनंती. पुढच्या रविवारी जाऊ, असं कोणी म्हणू नये.